औषधाच्या बाटलीवरचे इंग्रजी

स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांच्या रांगेत इंग्रजी वाक्प्रचारांच्या याद्यांची पुस्तके हमखास असतात. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ म्हणजे मुसळधार पाऊस, ‘अ ब्लेसिंग इन डिसगाइज’ म्हणजे इष्टापत्ती, ‘किक द बकेट’ म्हणजे मरणे. कित्येक मुले अशा शेकडो ओळी तोंडपाठ करतात, परीक्षेत गुणही मिळवतात. आणि नंतर मुलाखतीत किंवा कंपनीच्या हेल्पलाइनवर ‘माझा पत्ता बदलायचा आहे, त्यासाठी काय करावे लागेल’ एवढे साधे विचारताना अडतात. दोष मुलांच्या बुद्धीचा नाही आणि कष्टांचाही नाही. ज्या इंग्रजीची त्यांना गरज आहे ते त्या यादीत नसते. ते त्यांच्या दिवसात असते: औषधाच्या बाटलीवर, बँकेच्या मेसेजमध्ये, लोकलमधल्या घोषणेत, मोबाइलवर ऐकू येणाऱ्या ध्वनिमुद्रित आवाजात. शब्द आणि वाक्प्रचार तिथून उचलावेत, ते सुटे न उचलता अख्ख्या वाक्यासकट उचलावेत, आणि उचलल्यावर थोडा हिशेबी अभ्यासही करावा, असे माझे ठाम म्हणणे आहे. या म्हणण्याला आधार काय, आणि त्यावर कोणते आक्षेप येऊ शकतात, हे जरा सविस्तर पाहू.

पहिला प्रश्न असा, की नेमके किती इंग्रजी लागते आणि कोणते. यावर शंभर वर्षांपासून मोजमाप चालू आहे आणि त्याची सुरुवात आपल्या उपखंडाशी जोडलेली आहे. मायकेल वेस्ट हे ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ ढाक्यात शिक्षणखात्यात काम करत होते. बंगाली मुलांना इंग्रजी वाचायला शिकवताना पुस्तकांतले अनेक कठीण शब्द मुलांना पुन्हा कधी भेटतच नाहीत, याची टोचणी त्यांना लागली होती. पुढे १९५३ साली त्यांनी सुमारे २००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. सर्वसाधारण इंग्रजी मजकुरातले पाचापैकी चार शब्द या दोन हजारांतलेच असतात. न्यूझीलंडचे पॉल नेशन यांनी २००६ मध्ये हे गणित अधिक बारकाईने मांडले. एकाच मूळ शब्दाची सगळी रूपे मिळून एक कुटुंब धरले, तर बोललेले इंग्रजी जवळजवळ अडखळल्याशिवाय समजायला सहा ते सात हजार कुटुंबे लागतात. कादंबरी किंवा वर्तमानपत्र वाचायला आठ ते नऊ हजार. आकडा मोठा वाटतो, पण त्याचा उतार लक्षात घ्यायला हवा. पहिली दोन हजार कुटुंबे बहुतेक सगळा भार उचलतात आणि पुढची हजारो कुटुंबे मिळून उरलेला थोडा. म्हणजे सुरुवातीचा माणूस दुर्मिळ शब्दांमागे लागला, तर श्रम अफाट आणि पदरात थोडे, असे होणारच.

वाक्प्रचारांच्या बाबतीत हे चित्र आणखी स्पष्ट आहे. रोझमंड मून या कोशकार बाईंनी नव्वदच्या दशकात लाखो शब्दांच्या खऱ्याखुऱ्या इंग्रजी मजकुरात हे वाक्प्रचार किती वेळा येतात ते तपासले. बहुसंख्य ठरीव वाक्प्रचार दहा लाख शब्दांत सरासरी एकदाही भेटत नाहीत, असे त्यांना आढळले. दहा लाख शब्द म्हणजे जाडजूड दहा-बारा कादंबऱ्या. आपण ज्यांना मोठ्या कौतुकाने ‘इंग्रजी इडियम्स’ म्हणतो, ती रंगीत मंडळी इंग्रजांच्याही तोंडी क्वचितच येतात. याउलट ‘पुट ऑफ’, ‘गेट बॅक’, ‘कम अप’, ‘टेक ओव्हर’ अशा साध्या क्रियापदांच्या जोड्या पावलोपावली येतात. ब्रिटनमधल्या दहा कोटी शब्दांच्या संग्रहावर गार्डनर आणि डेव्हिस यांनी २००७ मध्ये केलेली मोजणी तर फळ्यावर लिहून ठेवावी अशी आहे. केवळ २० क्रियापदे आणि त्यांना जोडून येणारी ८ अव्यये एवढ्यांतून अशा जोडक्रियापदांचा निम्म्याहून अधिक वापर भागतो. ही वीस क्रियापदे पाचवीतल्या मुलालाही माहीत असतात: गो, कम, टेक, गेट, सेट, पुट, मेक. त्याला माहीत नसतात त्या त्यांच्या जोड्या, आणि जोड्या यादीत बसवून शिकवता येत नाहीत. त्यांना प्रसंग लागतो.

प्रसंग का लागतो, याचे उत्तर स्मरणशक्तीच्या अभ्यासात आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. त्याने निरर्थक अक्षरांचे हजारो तुकडे बनवले, त्यांच्या याद्या पाठ केल्या आणि किती वेळाने किती उरते ते मोजले. तासाभरात निम्म्याहून अधिक परिणाम पुसलेला असे, दिवसाअखेर सुमारे दोन-तृतीयांश. हा भाग पुष्कळांनी ऐकलेला असतो. त्याच पुस्तकातली दुसरी नोंद मात्र फारशी सांगितली जात नाही. एबिंगहाउसने बायरनच्या ‘डॉन ह्वान’ या इंग्रजी काव्यातली कडवीही त्याच पद्धतीने पाठ केली आणि त्यांना निरर्थक अक्षरांच्या मानाने जेमतेम एक-दशांश कष्ट पडले. अर्थ, लय आणि एकमेकांत गुंतलेले शब्द असले की पाठ करणे दसपट सोपे होते. आता ती दोन रकान्यांची यादी पुन्हा डोळ्यांसमोर आणा. ज्याने समुद्र पाहिलेला नाही, जहाज पाहिलेले नाही, अशा मुलापुढे जहाजावरून आलेला वाक्प्रचार सुटा ठेवला, तर त्या मुलासाठी तो एबिंगहाउसच्या निरर्थक तुकड्यांच्या फार जवळ जातो.

शब्दाची दुसरी गोम म्हणजे त्याची संगत. मोठा पाऊस इंग्रजीत ‘हेवी’ असतो, मोठा वारा ‘स्ट्राँग’ असतो, आणि दाट वाहतूक पुन्हा ‘हेवी’. चहा ‘स्ट्राँग’ आणि जेवण ‘हेवी’. याला व्याकरणाचा नियम नाही. जॉन सिंक्लेअर आणि त्यांच्या बर्मिंगहॅममधल्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष वापरातल्या इंग्रजीचा प्रचंड साठा संगणकात भरून १९८७ साली कोबिल्ड शब्दकोश काढला. त्यातून सिंक्लेअर यांनी एक गोष्ट पटवून दिली: बोलणारा माणूस प्रत्येक वाक्य शब्दाशब्दाने जुळवत बसत नाही, तो अर्धीमुर्धी तयार वाक्ये उचलतो आणि एकमेकांना जोडतो. मराठीतही आपण तेच करतो. ‘काही हरकत नाही’, ‘जाऊ दे’, ‘बघू पुढे’, ‘त्याचं काय आहे’ हे आपण जुळवत नाही, ते तोंडात तयार असते. मराठीचे हे तयार तुकडे कोणी आपल्याला यादी करून दिले नव्हते. शाळेत ‘अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ हा प्रश्न आला, तोवर ‘डोळ्यांत तेल घालून’ आणि ‘नाकी नऊ येणे’ घरात शेकडो वेळा ऐकून झाले होते. परीक्षेने फक्त ते तपासले. इंग्रजीत मात्र आपण तपासणीलाच शिकवणे समजून बसलो.

आता एक साधी वस्तू घेऊ. खोकल्याच्या औषधाची बाटली. तिच्यावर बारीक अक्षरांत असते: ‘शेक वेल बिफोर यूज’, ‘स्टोअर इन अ कूल, ड्राय प्लेस’, ‘कीप आउट ऑफ रीच ऑफ चिल्ड्रन’. तिसरी ओळ पाहा. पहिल्या दोन ओळींतले शेक, यूज, कूल, ड्राय हे शब्द ओळखीचे असतात. ‘आउट ऑफ रीच’ ही जोडी अडते. मुलांचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी ठेवा, हा अर्थ बाटलीच सांगते, कारण ती घरात कुठे ठेवली जाते हे सगळ्यांना माहीत असते. हा तुकडा एकदा हाती लागला की तोच माणूस दिवसभर त्याच्या भावंडांना भेटत राहतो. फोन लागत नाही तेव्हा आवाज येतो, ‘आउट ऑफ कव्हरेज एरिया’. एटीएमवर पाटी असते, ‘आउट ऑफ सर्व्हिस’. सोसायटीच्या लिफ्टवर ‘आउट ऑफ ऑर्डर’, ऑनलाइन दुकानात ‘आउट ऑफ स्टॉक’, परीक्षेहून परतलेल्या मुलाच्या तोंडी ‘आउट ऑफ सिलॅबस’. सगळीकडे एकच कल्पना आहे: जिथे असायला हवे त्या कक्षेबाहेर. इतकी उदाहरणे ओळखीच्या प्रसंगांसकट डोक्यात बसली, की ‘आउट ऑफ कंट्रोल’ किंवा ‘आउट ऑफ द क्वेश्चन’ नव्याने भेटले तरी माणूस दचकत नाही. आणि ‘रीच’चेही तसेच. बाटलीवर तो हाताच्या पोचेबद्दल आहे, ‘नॉट रीचेबल’मध्ये संपर्काबद्दल, कुरिअरच्या मेसेजमध्ये पार्सल पोचण्याबद्दल. एका चार आण्यांच्या लेबलातून एवढी मोठी नातलग मंडळी उलगडतात, आणि त्यासाठी पुस्तक विकत घ्यावे लागत नाही.

दुसरे उदाहरण बँकेच्या मेसेजचे. ‘युवर ईएमआय इज ड्यू ऑन’ अमुक तारखेला, हे वाक्य कर्जदार माणूस दरमहा वाचतो. त्यात ‘ड्यू’ म्हणजे देय. तारीख उलटली की ‘ओव्हरड्यू’. प्रसूतीची अपेक्षित तारीख डॉक्टर ‘ड्यू डेट’ म्हणून फाइलवर लिहितात. गाडी यायची वेळ झाली की ती ‘ड्यू’ असते. पावसामुळे सामना थांबला तर ‘ड्यू टू रेन’. पैसे, बाळ, गाडी, पाऊस यांना एकत्र बांधणारा हा शब्द कुठल्याही दोन रकान्यांच्या यादीत ‘देय’ एवढ्याच अर्थाने दिलेला असतो, आणि मग ‘ड्यू टू रेन’ वाचताना मुलगा गोंधळतो. मुंबईच्या लोकलमध्ये तर एकच सूचना मराठी, हिंदी आणि इंग्रजीत पाठोपाठ ऐकू येते. फलाट आणि गाडी यांमधल्या अंतराकडे लक्ष द्यायला सांगणाऱ्या घोषणेत ‘माइंड द गॅप’ असते. या ‘माइंड’चा अर्थ मन नव्हे हे प्रवाशाला शेजारच्या मराठी वाक्यावरून आपोआप कळते. लाखो लोक हे रोज ऐकतात, फक्त ते शिकण्याचे साहित्य आहे हे कोणी त्यांना सांगितलेले नसते.

अशा रीतीने परकी भाषा खोलवर येऊ शकते, याचा आपल्याकडचा पुरावा उलट दिशेचा आहे आणि तो फार जुना आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक १५७९ साली गोव्यात आला आणि पुढची चाळीसेक वर्षे बहुतांशी साष्टीच्या गावांत राहिला. त्याच्यासाठी मराठीचा छापील कोश नव्हता, व्याकरण नव्हते, पाठ्यपुस्तक नव्हते. कोकणीचे पहिले व्याकरण त्यानेच लिहिले आणि ते त्याच्या मृत्यूनंतर छापले गेले. १६१६ साली राचोलला छापलेले त्याचे ‘क्रिस्तपुराण’ दहा हजारांहून अधिक ओव्यांचे आहे आणि त्यातली मराठी आजही अभ्यासकांना थक्क करते. दोन शतकांनंतर मोल्सवर्थने मराठी-इंग्रजी कोशासाठी पंडितांच्या मदतीने निरनिराळ्या भागांतले बोलीतले शब्द जमवले. १८३१ च्या आवृत्तीत आणि नंतर वाढवलेल्या १८५७ च्या आवृत्तीत शब्दांबरोबर ते कसे वापरले जातात हेही त्याने टिपले. त्या कोशात बाजार, शेत, स्वयंपाकघर सगळे सापडते. परकी भाषा शिकणाऱ्या या माणसांनी शब्द त्याच्या घरी जाऊन पाहिला. आपल्याकडे सुदैवाने इंग्रजी शब्दच आपल्या घरी आलेला आहे.

इथे पहिला गंभीर आक्षेप येतो. नुसते कानावर पडून भाषा येत असती, तर मुंबईतला प्रत्येक प्रवासी अस्खलित इंग्रजी बोलला असता. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला संशोधनाचाही पाठिंबा आहे. रिचर्ड श्मिट या अभ्यासकाने होनोलुलूत स्थायिक झालेल्या एका जपानी चित्रकाराचा, ‘वेस’ या टोपणनावाने, तीन वर्षे अभ्यास करून १९८३ साली निष्कर्ष मांडले. वेस दिवसरात्र इंग्रजीत वावरत होता, मित्र जोडत होता, व्यवसाय सांभाळत होता, मनमोकळे बोलत होता. तरी त्याचे व्याकरण तीन वर्षांत जवळजवळ जागचे हलले नाही. यातून श्मिट पुढे या मताला आले, की जे आपल्या लक्षात येते तेच शिकले जाते. कानावरून जाणे आणि लक्षात येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. शब्दाला तर पुनःपुन्हा भेटावे लागते. एक शब्द कायमचा व्हायला किती भेटी लागतात याचे अंदाज सहापासून विसापर्यंत जातात. म्हणून रोजच्या जगण्यातून शिकणे म्हणजे आपोआप शिकणे, असा अर्थ कोणी काढू नये. बाटली समोर आहे, तिच्यावरची ओळ दिवसातून एकदा तरी थांबून वाचावी लागते.

मग यादी करायचीच असेल तर ती स्वतःच्या दिवसाची करावी, आणि पाठ करण्याची पद्धत बदलावी. कार्पिक आणि रोडिगर या मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकी विद्यार्थ्यांना ४० स्वाहिली शब्द आणि त्यांचे इंग्रजी अर्थ शिकवले गेले. एका गटाला एकदा बरोबर आलेले शब्दही पुनःपुन्हा आठवून सांगायला लावले. दुसऱ्या गटाने तेच शब्द पुनःपुन्हा वाचले, पण पुन्हा आठवून सांगितले नाहीत. आठवड्याने पहिल्या गटाला सुमारे ८० टक्के शब्द आठवले, दुसऱ्याला जेमतेम एक-तृतीयांश. शब्द तेच, वाचनही तितकेच किंवा जास्त. फरक पडला तो आठवण्याच्या प्रयत्नाने. वहीत ‘आउट ऑफ रीच’ लिहून शेजारी ‘आवाक्याबाहेर’ लिहिणे आणि ते वाचत राहणे यापेक्षा वहीच्या एका बाजूला अख्खे इंग्रजी वाक्य, मागच्या पानावर ते कुठे दिसले आणि मराठीत कसे म्हणाल ते, असे लिहावे. मग मराठी बाजू पाहून इंग्रजी आठवावे. आज आठवले तर दोन दिवसांनी, तेव्हा आठवले तर आठवड्याने, मग महिन्याने. चुकले तर पुन्हा उद्या. दिवसाला तीन-चार वाक्ये पुरेत. हा भाग कंटाळवाणा आहे हे मान्य, पण याला पर्याय नाही, आणि जे क्लास ‘खेळता खेळता इंग्रजी’ अशा जाहिराती करतात त्यांनी हे पालकांना सांगायला हवे.

दुसरा आक्षेप खेड्यांतून येतो: आमच्याकडे कुठे आहे इंग्रजी? लोकल नाही, मॉल नाही, बोलायला कोणी नाही. बोलायला कोणी नसणे ही खरी अडचण आहे, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण वाचायला इंग्रजी नाही हे बरोबर नाही. कीटकनाशकाच्या बाटलीसोबत येणारे माहितीपत्रक अनेक भाषांत असते. एकाच सूचनेचे मराठी आणि इंग्रजी समोरासमोर ठेवून वाचता येते, आणि त्यात मात्रा, फवारणी, विषबाधा झाल्यास काय करावे, असा जिवाशी गाठ असलेला मजकूर असतो. मोबाइल तर घरोघरी आहे. ‘डू नॉट शेअर युवर ओटीपी विथ एनीवन’ हे वाक्य नीट समजणाऱ्या घरात फसवणुकीचा फोन फार काळ चालत नाही. शालेय शिक्षणाची अवस्था पाहता हे वाचन समजून करणे किती गरजेचे आहे ते दिसते. ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांची २०२३ ची ‘असर’ पाहणी सांगते, की सुमारे ५७ टक्के मुलांना इंग्रजी वाक्ये वाचता येतात, आणि वाचता येणाऱ्यांपैकी जवळपास तीन-चतुर्थांश मुलांनाच त्यांचा अर्थ सांगता येतो. म्हणजे वाक्य मोठ्याने वाचणाऱ्या दर चार मुलांत एकाला आपण काय वाचले हे कळलेले नसते. महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० सालापासून आहे. वर्षे वाढवून झाली, आता त्या वर्षांत मुलांसमोर काय ठेवतो ते बदलायची वेळ आहे.

काहींना वाटते, आपल्या मराठीत एवढे इंग्रजी शब्द आहेतच, त्यामुळे अर्धे काम झाले आहे. इथे सावध राहायला हवे. ‘मी रीच झालो’, ‘ॲडजस्ट करून घे’, ‘टेन्शन घेऊ नकोस’ यांतले इंग्रजी शब्द आता मराठीचे व्याकरण पाळतात. ‘होणे’, ‘करणे’, ‘घेणे’ यांच्या आधाराने उभे असतात. तो शब्द परत इंग्रजी वाक्यात टाकायची वेळ आली की ‘डोन्ट टेक टेन्शन’ असे बाहेर पडते, आणि समोरचा माणूस लंडनचा असेल तर बुचकळ्यात पडतो. तो ‘डोन्ट वरी’ म्हणेल. शब्द ओळखीचा असल्याने तो येतो असा भ्रम होतो आणि शिकणे तिथेच थांबते. त्यामुळे मराठीत मिसळलेल्या शब्दावर विसंबू नये. तोच शब्द इंग्रजी वाक्यात कसा बसतो ते एकदा बाटलीवर, पाटीवर, बातमीत पाहून घ्यावे.

याच्याच शेजारचा आक्षेप असा, की आपल्या अवतीभवतीचे इंग्रजी भारतीय वळणाचे, म्हणून चुकीचे. ते शिकून काय उपयोग? मला हा आक्षेप अर्धाच पटतो. ‘प्रीपोन’ हा शब्द इथे रुळला आणि आज ऑक्सफर्डच्या कोशात आहे. ‘डू द नीडफुल’ हे जुन्या ब्रिटिश कारकुनी पत्रव्यवहारातले, तिकडे मागे पडलेले आणि इथे टिकलेले वळण आहे. भारतातल्या कचेरीत, बँकेत, न्यायालयात ते चालते आणि चालू द्यावे. पण काही ठिकाणी अर्थच वेगळा होतो. ‘पास आउट’ म्हणजे आपल्याकडे पदवी घेऊन बाहेर पडणे. इंग्लंड-अमेरिकेत त्याचा पहिला अर्थ शुद्ध हरपणे असा घेतला जातो. परदेशी जाणाऱ्याने अशा पाच-पंचवीस गोष्टी जाण्यापूर्वी बघून घ्याव्यात. तिथे गेल्यावर तोच नियम लागू होतो: तिथले इंग्रजी तिथल्या दिवसातून उचलायचे. ब्रिटनमध्ये सहकारी सकाळी ‘यू ऑल राइट?’ म्हणतो तेव्हा तो तब्येतीची चौकशी करत नसतो, तो नमस्कार करत असतो. ‘चीअर्स’ म्हणजे पुष्कळदा फक्त धन्यवाद. हे घरी बसून पाठ केलेल्या यादीपेक्षा चहाच्या वेळी दोन दिवस कान देऊन लवकर कळते.

रंगीत वाक्प्रचार मग टाकूनच द्यायचे का? टाकायला नकोत, त्यांची पाळी उशिरा यावी आणि ते समजण्यासाठी शिकावेत, वापरण्याच्या हौसेने नव्हे. त्यांच्या मुळाशी कोणते दृश्य होते हे माहीत असले की ते अधिक टिकतात, असे फ्रँक बूर्स यांच्यासारख्या अभ्यासकांना आढळले आहे. ‘टेकन अबॅक’ जहाजाच्या शिडात अचानक उलटा वारा भरण्यावरून आले. मराठी माणसाला तर क्रिकेटची मोठी सोय आहे. ‘ऑन द बॅक फूट’, ‘अ स्टिकी विकेट’ यांच्यामागचे दृश्य आपल्याकडच्या लहान पोराच्याही डोळ्यांसमोर असते. पावसाने भिजून उन्हात वाळत चाललेल्या खेळपट्टीवर चेंडू कसा उसळतो हे ज्याने पाहिले, त्याला अडचणीतल्या मंत्र्याबद्दल ‘स्टिकी विकेट’ का म्हणतात हे समजावून सांगावे लागत नाही.

शेवटचा आक्षेप मायमराठीच्या काळजीतून येतो आणि तो आदराने ऐकावा असा आहे. घरादारात, औषधाच्या बाटलीत, शेताच्या बांधावर इंग्रजी शोधायला लावणे म्हणजे इंग्रजीला आणखी एक दार उघडणे नव्हे का? मला उलटे वाटते. वर सांगितलेली प्रत्येक रीत मराठीवर उभी आहे. घोषणेतले ‘माइंड’ कळते ते शेजारच्या मराठी वाक्यामुळे. वहीतले इंग्रजी आठवते ते मराठी बाजूवरून. ज्याला ‘आवाक्याबाहेर’, ‘हाताशी’, ‘पोच’ हे मराठीतले फरक नीट कळतात, त्यालाच ‘रीच’चे फरक पकडता येतात. मराठी कच्ची ठेवून इंग्रजी पक्के करण्याचा प्रयत्न मुलांना दोन्हीकडून उपाशी ठेवतो. आणि मराठीतही लेबल असलेच पाहिजे ही मागणी इंग्रजी लेबल वाचू शकणाऱ्या ग्राहकाने केली, तर तिला अधिक वजन येते.

म्हणून शिक्षकांना आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना एक विनंती आहे. वाक्प्रचारांची छापील यादी पाठ करायला लावणारा एक प्रश्न कमी करा. त्याऐवजी मुलांना दर आठवड्याला घरातून, दुकानातून, एसटी स्टँडवरून, मोबाइलवरून पाच खरी इंग्रजी वाक्ये जशीच्या तशी उतरवून आणायला सांगा. वर्गात त्यांचा अर्थ मराठीतून काढा, त्यातला एक तुकडा निवडून मुलांच्या स्वतःच्या प्रसंगात वापरून घ्या, आणि पुढच्या आठवड्यात वही मिटून तो आठवायला लावा. यासाठी नवे पाठ्यपुस्तक लागत नाही, इंटरनेट लागत नाही, जास्तीचा तासही लागत नाही. आठवड्यातली वीस मिनिटे पुरतात, आणि ती या जूनपासून कोणत्याही शाळेला देता येतील.